पाच पौंड चीज

आधी आठवतो तो खोका.
लांबट, करडा, भाजक्या विटेएवढा.
आत पाच पौंड पिवळं चीज,
बाहेर सरकारी शिक्का.

व्हर्लिन स्टँपर माझा शेजारी, अ‍ॅक्रनमधला.
टायरच्या कारखान्यात बावीस वर्षं;
मानेच्या सुरकुत्यांत काजळी अशी बसलेली
की रविवारच्या पांढऱ्या कॉलरलाही तिची सवय झालेली.
कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा म्हणाला,
वारा फिरलाय, परत फिरेल.
आणि नोव्हेंबरात मत देऊन आला
सरकारचं ओझं उतरवू म्हणणाऱ्यांना.
कुणाच्या पाठीवरून, ते त्यानं विचारलं नाही.
मीही नाही.

मी तेव्हा मार्केट स्ट्रीटवर, न्हाव्याच्या माडीवर,
लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरायचो.
कऱ्हाडचा बी.कॉम., कानावर पेन्सिल.
खालून कात्रीचा आवाज दिवसभर.

मिसेस एडविना विटकोम आल्या एका मार्चात,
सासऱ्यांकडून आलेल्या शेअर्सची फाईल घेऊन.
वरच्या प्रत्येक डॉलरमागे सत्तर सेंट जायचे त्यांचे,
आता पन्नास.
मी दोनदा बेरीज केली. खोडरबरानं कागद फाटला थोडा.
त्या हातमोजे चढवत म्हणाल्या,
आता हे हळूहळू खाली झिरपेल, नाही का?

त्या बोलल्या इंग्रजीत. मला ऐकू आलं मराठीत.
झिरपेल.
आणि त्या शब्दामागोमाग बहात्तर साल
ओल्या पायांनी माडी चढून आलं.

वडील माणमध्ये पाझर तलावाच्या कामावर मस्टर लिहायचे.
दोन हजार माणसं खडी फोडत,
दुपारी ओंजळीत सुकडी,
रेशनला अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो.
भाकरी थापताना भेगाळायची.
आई म्हणायची, तिकडं जनावरांना घालतात म्हणे.
गिळा.
तलाव झाला. पाणी झिरपलंही, खोटं कशाला बोला.
बांधाखालच्या दोन विहिरी तुडुंब.
कुणाच्या, ते सगळ्या गावाला तलावाआधीच ठाऊक होतं.
वरच्या आळीच्या बाया डोक्यावर घागरी घेऊन
उतरायच्या त्या उतरतच राहिल्या.

हे काही बाईंना सांगितलं नाही.
सही कुठे करायची तेवढं बोटानं दाखवलं.

त्या हिवाळ्यात व्हर्लिनची गाडी सुरू होईना.
म्हणाला, चर्चपर्यंत सोडतोस?
लुथरन चर्चच्या तळघरात रांग,
बुटांखाली वितळलेला बर्फ,
कुणी कुणाकडे बघत नव्हतं,
देवळात चप्पल चोरीला गेल्यावर बघत नाहीत तसं.
त्याची बायको ओलेटा गाडीतच बसून राहिली,
नकाशा उघडून, जणू कुठं जायचंय.

टेबलामागच्या बाईनं व्हर्लिनला खोका दिला,
मग माझ्याकडे पाहिलं.
सावळा माणूस, कानावर मफलर, रांगेतच उभा.
तिनं मलाही दिला.
हसून. अगदी मायेनं.
मला म्हणता आलं असतं, बाई, मी नुसता सोबत आलोय.
जीभ टाळ्याला चिकटली
ती तेरा वर्षांची होऊन.

सुलभानं ते किसून धिरड्यांवर घातलं.
खारट होतं. चांगलं लागलं.
दोघंही काही बोललो नाही,
तिनं तवा जरा जास्तच घासला.

चौऱ्याऐंशीत मी नागरिक झालो.
पहिलं मत कुणाला दिलं ते विचारू नका.
नाही, विचाराच.
माझाही टॅक्स उतरला होता. माडी सोडून
तळमजल्यावर ऑफिस घेतलं होतं, काचेच्या दाराचं.
शिवाय टीव्हीवर सगळं कसं
सकाळच्या उन्हात भिजलेलं दिसायचं.

व्हर्लिन त्याआधीच टेक्सासला गेला,
भाड्याच्या ट्रकमध्ये पलंग, कुत्रा, ओलेटा.
त्याचा शेवटचा फॉर्म मीच भरला, फुकट.
परतावा निघाला एक्केचाळीस डॉलर.
केंटकीपर्यंतचं पेट्रोल झालं, म्हणाला,
आणि माझ्या पाठीवर थाप मारली,
जणू मीच खिशातून दिले होते.